ब्लेंडरमध्ये ग्रहणाचे ॲनिमेशन करताना या चुका टाळा

सूर्य, पृथ्वी आणि चंद्र असे तीनच गोल असल्यामुळे ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रहणाचे ॲनिमेशन सोपे वाटते. पण केलेल्या ॲनिमेशनमध्ये दर अमावास्येला ग्रहण लागते किंवा ते कधीच लागत नाही, आणि मग नवशिका दोष शोधायला सावलीच्या सेटिंगमध्ये शिरतो. दोष बहुधा तिथे नसतो.

पहिला संशय अंतरावर घ्यावा. पृथ्वीचा व्यास १ एकक धरला, तर चंद्राचा व्यास सुमारे ०.२७ आणि त्याचे अंतर सुमारे ३० एकक येते. दोन्ही गोल चौकटीत ठळक दिसावेत म्हणून हे अंतर ३ एककांवर आणले जाते, मात्र कक्षेचा ५.१ अंशांचा कल तसाच राहतो. खऱ्या अंतरावर या कलामुळे चंद्र क्रांतिवृत्ताच्या (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेच्या) प्रतलापासून २.७ एककांपर्यंत वर-खाली जातो, म्हणून बहुतेक अमावास्यांना त्याची सावली पृथ्वीला चुकवून जाते. ३ एककांवर मात्र तोच कल जेमतेम ०.२७ एककाचा उरतो आणि पृथ्वीची त्रिज्या ०.५ असल्याने सावली दर महिन्याला तिच्यावर पडते. कल वाढवून हे सावरायचे तर तो साठ अंशांपलीकडे न्यावा लागेल, जे हास्यास्पद आहे. अंतर खरेच ठेवावे आणि जवळचे दृश्य दुसऱ्या कॅमेऱ्याने वेगळे दाखवावे.

अंतर बरोबर असूनही गोंधळ राहिला, तर पेरेंटिंग, म्हणजे एक वस्तू दुसरीला जोडून तिच्याबरोबर हलवणे, तपासावे. सूर्यापाशी एम्प्टी (चित्रात न दिसणारी आधारवस्तू) ठेवून ती फिरवायची आणि पृथ्वी तिला जोडायची, ही नेहमीची रीत आहे. त्यात चंद्राची कललेली कक्षाही एम्प्टीबरोबर फिरते, त्यामुळे राहू-केतूंची, म्हणजे चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताच्या प्रतलाला छेदते त्या दोन बिंदूंची, रेषा सूर्याच्या संदर्भात जागची हलत नाही. वास्तवात ती रेषा अवकाशात जवळजवळ स्थिर असते (तिची उलटी फेरी १८.६ वर्षांची) आणि ती सूर्याच्या दिशेला आली तरच ग्रहण लागते, म्हणूनच ग्रहणांचे दिवस साधारण सहा महिन्यांनी येतात. याच चुकीमुळे पृथ्वीचा एकच ध्रुव वर्षभर सूर्याकडे झुकलेला राहून ऋतूही नाहीसे होतात.

यावर मला सर्वांत सोयीचा वाटणारा उपाय कोपर्निकसला रुचला नसता: पृथ्वी मूळबिंदूवर (दृश्याच्या शून्य स्थानी) स्थिर ठेवावी आणि सन लॅम्पची, म्हणजे सूर्याचे काम करणाऱ्या दिव्याची, दिशा वर्षातून एकदा फिरवावी. चंद्राचा फेरा तेव्हा २७.३२ दिवसांचा द्यावा, अमावास्यांमधले २९.५३ दिवस आपोआप मिळतात. या रचनेने आणखी एक दुखणे टळते. सूर्य मूळबिंदूवर ठेवून पृथ्वी १५ कोटी किलोमीटरवर नेली, तर ३२-बिट संख्यांची अचूकता तिथे काही किलोमीटरांवर येते आणि कडा थरथरू लागतात. मीटरऐवजी दुसरे एकक घेऊनही फरक पडत नाही, कारण मर्यादा सार्थ अंकांची आहे.

सन लॅम्पचा कोन ०.५३ अंश ठेवावा, कारण शून्य कोनाने उपच्छाया (सावलीच्या कडेची फिकट सावली) उमटतच नाही. वर्ल्डचा (दृश्याच्या पार्श्वभूमीचा) मूळ करडा रंग काळा करावा, अन्यथा पृथ्वीची रात्रबाजू उजळलेली दिसते. कीफ्रेममधली (स्थान ठरवून दिलेल्या दोन क्षणांमधली) गती बेझिअरऐवजी (हळू सुरू होऊन हळू थांबणारी) लिनिअर (एकसारखी) करावी, नाहीतर चंद्र फेरीच्या दोन्ही टोकांना रेंगाळतो.

खग्रास चंद्रग्रहणात मात्र एवढे करूनही चंद्र निव्वळ काळा दिसेल. तांबूस रंग पृथ्वीच्या वातावरणातून वाकून येणाऱ्या प्रकाशाचा असतो आणि साध्या गोलाला वातावरण नसते. तिथे मंद तांबडा प्रकाश हातानेच द्यावा लागतो.