मृग कोरडा चालला की मन थाऱ्यावर कसं ठेवायचं

७ जूनच्या आसपास मृग लागतो. आभाळ भरून येतं आणि वाऱ्याबरोबर निघूनही जातं. बियाणं, खत घरात येऊन पडलेलं असतं. मग रात्री दोनला जाग येते, छातीत धडधड सुरू होते आणि डोकं दुबार पेरणीचा हिशोब मांडत बसतं.

अशा दिवसांत सजगतेचा सराव कामाला येतो. सजगता म्हणजे मन रिकामं करणं नव्हे, ते कुणालाच जमत नाही. मन कुठं गेलं ते ओळखायचं आणि परत आणायचं, एवढंच. शंभरदा गेलं तर शंभरदा आणायचं, हे आणणं हाच व्यायाम.

रोज दहा मिनिटं पुरेत. पहाटे साडेपाचला बसा, नाहीतर दिवेलागणीनंतर. भर दुपारी नको. उकाड्यानं आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं नाडी तशीही जोरात चालते, आणि मन त्या धडधडीलाच भीती समजतं. बसण्याआधी पेलाभर पाणी प्या. चहा घेतला असेल तर तासभर थांबा.

माळवदावर बसा, ओसरीवर बसा, कुठंही चालेल. बाजेवर बसणार असाल तर काठावर बसा. मधे झोळ असतो, पाठ वाकते आणि श्वास छातीतच अडकतो. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, मांडीची सक्ती नाही. एक हात बेंबीवर ठेवा. नाकानं श्वास घेताना मनात ४ आकडे, सोडताना ६, सेकंदाला साधारण एक आकडा. श्वास सोडताना हृदयाचा ठोका मंदावतो, म्हणून सोडणं लांब. असे १२ श्वास, म्हणजे दोनेक मिनिटं. मग मोजणं सोडा आणि हाताखाली पोट वर-खाली होतंय तेवढंच जाणा. विचार आला की त्याला एका शब्दात नाव द्या: ‘पेरणी’, ‘कर्ज’, ‘लग्न’. आणि परत पोटावर या. नाव एका शब्दापेक्षा लांबलं की विचाराचं गाडं सुटलंच समजा.

बिघडतं ते बहुतेक इथंच. माणूस घाबरून मोठमोठे श्वास ओढतो, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याची ही लक्षणं. श्वास लहान करा, फक्त सोडणं सावकाश ठेवा. डोळे मिटले की भीती वाढत असेल तर मिटू नका, चार हातांवरच्या रांजणावर नाहीतर तुळशीवर नजर ठेवा. आणि तिसऱ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून उठू नका. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रमच आठ आठवड्यांचा आहे.

बसायला वेळच नसेल तर भाकरी थापताना सराव करा. पिठाचा ऊन स्पर्श, तळहाताखाली फिरणारी कड, तव्यावर पाणी फिरवताना येणारा आवाज. मन भरकटलं की भाकरी एका बाजूला जाड राहते; दुसरं कुणी सांगायची गरज नाही. बांधावरून चालताना तळपायाकडं लक्ष द्यायचं, पण चपला घालूनच. विंचू-काट्याला तुमच्या ध्यानाशी देणंघेणं नसतं.

एकदम जीव घाबरा झाला तर श्वासाच्या मागं लागू नका. दिसणाऱ्या ५ वस्तू, हाताला लागणाऱ्या ४, ऐकू येणारे ३ आवाज, २ वास, १ चव, अशी पुटपुटत मोजणी करा.

रात्रीच्या हिशोबाला संध्याकाळीच जागा द्या. पंधरा मिनिटं वहीत लिहा: एका बाजूला उद्या करायची कामं, दुसऱ्या बाजूला हातात नसलेल्या गोष्टी. ‘पेरू का थांबू’ याला मनात उत्तर नसतं, ते पावसाच्या आकड्यात असतं: ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो. तो आकडा वहीत लिहून टाका. मोबाइलवरचा अंदाज सकाळ-संध्याकाळ एकेकदाच बघा, दर तासाला नाही.

छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर हा सराव करत बसू नका, दवाखाना गाठा. दोन आठवडे झोप आणि भूक गेलेली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि घरातलं कुणी ‘आता जगून काय करायचं’ असं बोलून गेलं तर त्याला ध्यान शिकवत बसू नका. त्याच्याजवळ थांबा, फवारणीचं औषध कुलपात घालून किल्ली दुसऱ्याकडं द्या आणि फोन तुम्हीच लावा.