पहिला सहभागी घेण्यापूर्वी: आरोग्य संशोधनाच्या आराखड्याची छाननी आणि नोंदणी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री कामगारांना धूळरोधक मास्क देऊन तो नीट वापरायला शिकवले, तर त्यांचे श्वसन सुधारते का, असा प्रश्न कोल्हापुरातील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी निवडला आहे असे धरू. त्याने सर्वांत आधी एक वाक्य पक्के करावे: यश नेमके कशाने आणि केव्हा मोजणार. ‘श्वसनात सुधारणा’ हे मोजमाप नव्हे; ‘सहा महिन्यांनंतर, कामाची पाळी सुरू होण्यापूर्वी, पीक फ्लो मीटरवरील (जोराने सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणारे उपकरण) तीन फुंकरींपैकी सर्वांत मोठा आकडा’ हे मोजमाप झाले. खोकला, धाप, फुंकरीचा आकडा आणि कामावरचे खाडे अशी चारही मापे घ्यायची आणि ज्यात फरक दिसला तेच मुख्य होते असे शेवटी मांडायचे, हा मोह आकडे हाती आल्यावर भल्याभल्यांना होतो, आणि आधी नोंदवलेला आराखडा हाच त्यावरचा खरा चाप आहे. किती कामगार लागतील तेही याच मापावरून ठरते. त्यामुळे सांख्यिकीतज्ज्ञाला आताच गाठावे. तक्ते भरून झाल्यावर त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

त्यानंतर आराखडा संस्थेच्या नीतिसमितीकडे, म्हणजे सहभागींचे हक्क व सुरक्षितता जपली जाते का हे तपासणाऱ्या समितीकडे, जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि सदस्यांत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार व सर्वसामान्य नागरिकही असतो. या नागरिकाचे प्रश्न बहुधा सर्वांत अडचणीचे असतात, म्हणून ते आधीच स्वतःला विचारून पाहावेत. मालकाने परवानगी दिली म्हणजे कामगाराने संमती दिली असे होत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची नावे मालकापर्यंत पोहोचणार नाहीत याची तजवीज आराखड्यातच लिहावी. परप्रांतीय कामगारांसाठी संमतीपत्र हिंदीतही हवे. ज्यांच्याशी तुलना करायची त्या कामगारांच्या गटाला मास्कच द्यायचा नाही, ही कल्पना समितीपुढे टिकणे अवघड आहे, आणि ते योग्यही आहे. मग मास्क दोन्ही गटांना आणि प्रशिक्षण एकाच गटाला, असा बदल करावा लागेल. त्याबरोबर मूळ प्रश्नही बदलतो, आणि म्हणूनच छाननी आधी व नोंदणी नंतर हा क्रम मोडू नये.

नोंदणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ म्हणजे सीटीआरआय या, माणसांवरील वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. ही नोंदवही जुलै 2007 मध्ये सुरू झाली आणि 1 एप्रिल 2018 पासून ती पहिला सहभागी घेण्यापूर्वीच चाचण्या नोंदवते, नंतर नाही. प्रबंधासाठीच्या चाचण्याही तेथे नोंदवता येतात. नीतिसमितीचे मंजुरीपत्र जोडावे लागते. अर्ज तपासणारे शंका विचारून तो परत पाठवू शकतात, त्यामुळे मंजुरीपत्र मिळाले की लगेच शिरोलीची बस पकडू नये. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत एकाही कामगाराची सही घेऊ नये. अर्जातील मुख्य मोजमाप आराखड्यातील वाक्याशी शब्दशः जुळते का, हे मार्गदर्शकासोबत बसून ताडून पाहावे. (चाचणी न करता प्रकाशित अभ्यासांचाच पद्धतशीर आढावा घ्यायचा असल्यास नोंदणीसाठी यॉर्क विद्यापीठाची ‘प्रॉस्पेरो’ ही नोंदवही आहे.)

पुढे बदल करावाच लागला, उदाहरणार्थ एखादी फाउंड्री मध्येच बंद पडली, तर आधी नीतिसमितीची सुधारित मंजुरी घ्यावी, मग नोंद अद्ययावत करावी, आणि प्रबंधात जुनी योजना, नवी योजना, बदलाची तारीख व कारण ही चारही एकाच परिच्छेदात द्यावीत.