पूलसाठी किती लांब जावं? लहान शहरातून खेळायला निघणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईबाहेर राहून पूल, म्हणजे टेबलावर क्यूने (लांब काठीने) बॉल खिशात घालायचा खेळ, मनापासून खेळायचा असेल तर प्रवास चुकत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. पूल पार्लर आता बऱ्याच ठिकाणी असतं. पण नऊ फुटी टेबल, त्यावर नीट ताणलेला कपडा आणि आपल्यापेक्षा सरस खेळणारा माणूस, हे तिन्ही एका छताखाली मिळणं कठीण. मी कोल्हापूरचा. माझ्यासाठी पुणे सव्वादोनशे किलोमीटर आणि मुंबई पावणेचारशेच्या आसपास. अजूनही एका वीकेंडच्या खेळासाठी रजा, तिकीट, झोप आणि घरच्यांची नाराजी या सगळ्यांचा हिशोब मांडूनच निघावं लागतं.

"दादा, किती लांब गेलं तर परवडतं?" असं नवीन पोरं सारखं विचारतात. किलोमीटर मोजूच नका. तिथे पोहोचल्यावर चांगल्या टेबलावर किती तास मिळणार, ते मोजा. शनिवारी पुण्याला जाऊन एखाद्या तगड्या खेळाडूसमोर सलग पाच तास उभं राहणं हे मुंबईच्या स्पर्धेत दोन मॅच हरून परतण्यापेक्षा पहिल्या वर्षी कितीतरी जास्त शिकवतं. स्पर्धेला जा, जरूर जा, पण स्पर्धा म्हणजे सराव असं समजून जाऊ नका. तिथे सरावाला टेबल मिळतच नाही म्हटलं तरी चालेल.

टेबलाचा फरक तुम्हाला ऐकून माहीत असेलच. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग ८८ बाय ४४ इंच, नऊ फुटीचा १०० बाय ५०. बॉल तेच, सव्वादोन इंची. ऐकायला एका फुटाचाच फरक, पण कोपऱ्यातला लांब कट (बॉलला कडेला लावून मारलेला तिरका फटका) मारताना तो फूट फार जाणवतो. त्यात आपल्याकडच्या पार्लरात बहुधा जाड, लव असलेला कपडा, पावसाळ्यात आणखी जड झालेला. स्पर्धेच्या टेबलावर सिमोनिस ८६०सारखा गुळगुळीत कपडा असला तर पांढरा बॉल, ज्याने बाकीचे मारतो तो, थांबायचं नावच घेत नाही. घरी ज्या जोरात तो टेबलाच्या मध्यावर येऊन उभा राहतो, त्याच जोरात इथे दोन कुशन (टेबलाच्या रबरी कडा) घेऊन तिसऱ्याकडे निघतो. म्हणून पाच मिनिटंच मिळाली तर पॉट मारत, म्हणजे बॉल खिशात घालत, बसू नका. नुसता पांढरा ठेवा, समोरच्या कुशनला लावून परत आपल्याकडच्या कुशनजवळ थांबवायचा प्रयत्न करा. सात-आठ वेळा केलंत की हाताला वेग कळतो. पहिला तासभर सगळं अंगावर आल्यासारखं वाटेल. ते प्रत्येकाला वाटतं, त्यावरून स्वतःच्या खेळाची किंमत करू नका.

आता खरी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती आणि जिचा राग अजून गेलेला नाही. परतीचं तिकीट.

डबल एलिमिनेशन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. एक हरलात तर लूजर साइडला, म्हणजे हरलेल्यांच्या वेगळ्या ड्रॉमध्ये, दुसरी हरलात तर घरी. पण याचा घड्याळाशी काय संबंध आहे ते कागदावर मांडून बघा. ६४ खेळाडू, ६ टेबलं, रेस टू सेव्हन, म्हणजे आधी सात गेम जिंकेल त्याची मॅच. पहिल्या फेरीत ३२ मॅच. सहा-सहाच्या खेपा केल्या तर सहा खेपा लागतात. एका मॅचला सरासरी सव्वा तास धरला तर साडेसात तास झाले. सकाळी दहाला सुरू झालेली पहिली फेरीच संध्याकाळी साडेपाचला संपते, तीही सगळं वेळेवर चाललं तर. त्यानंतर जिंकलेल्यांच्या १६ आणि हरलेल्यांच्या १६ मॅच. म्हणजे पुन्हा ३२, पुन्हा साडेसात तास, रात्रीचा एक. सकाळी दहाची मॅच तुम्ही हरलात तर पुढची कधी लागेल? संध्याकाळी सहाला लागू शकते किंवा मध्यरात्री. आयोजकालाही नक्की सांगता येत नाही. आणि खालून वर चढायचं तर ६४च्या ड्रॉमध्ये लूजर साइडला तब्बल दहा फेऱ्या असतात.

मुंबईच्या एका स्पर्धेत माझ्याकडे त्याच रात्रीच्या, कोल्हापूरला परतायच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट होतं. आठनंतर सुटते. मॅच साडेपाचला म्हणाले होते, ती लागली सातला. पाच-दोन पुढे होतो. तिथून मी एकही सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका न ठेवणारा बचावाचा फटका, खेळलो नाही, कारण सेफ्टीला वेळ लागतो. आठ नंबरच्या बॉलमागे लपवायचा बॉल उघड्यावर मारला, नऊ नंबरचा खिशाच्या तोंडाशी ठेवून दिला. सात-पाचने हरलो आणि गाडीही गेली. रात्र स्टेशनवर काढली.

म्हणून परतीचं तिकीट तिसऱ्या दिवसाचं काढा, नाहीतर काढूच नका. राहण्याचा खर्च एंट्री फीइतकाच पक्का धरा. तेवढे पैसे नसतील तर ती स्पर्धा सोडा. सोडल्याने काही बिघडत नाही, पुढच्या महिन्यात दुसरी असते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतसुद्धा १२८ जणांची सुरुवात डबल एलिमिनेशननेच होते आणि ६४ उरल्यावर मग एक मॅच हरली की थेट बाहेर. सौदी अरेबियात जेद्दाला २०२४ मध्ये विजेता फेदोर गोर्स्ट तिथून अडीच लाख डॉलर घेऊन गेला. तिथे जाणारे मोठे खेळाडूही मधले रिकामे तास धरूनच येतात.

लांब जाण्याचा विषय निघाला की कुणीतरी एफ्रेन रेयेसची गोष्ट काढतंच. फिलिपाइन्सचा हा माणूस १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला सेझार मोरालेस या खोट्या नावाने उतरला आणि तिथल्या भल्याभल्यांना हरवून पैसे घेऊन गेला. पुढे १९९९ मध्ये कार्डिफला तो जगज्जेता झाला. गोष्ट खरी आहे. पण आपल्याकडची पोरं त्यातली पैजच तेवढी उचलतात. "पैसे लावल्याशिवाय नर्व्ह (दबावात टिकायचा धीर) येत नाही" असं सांगणारा सीनियर भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. त्याला तुमच्या नर्व्हशी घेणं नसतं, तुमच्या खिशाशी असतं. एफ्रेन ह्यूस्टनला गेला तेव्हा त्याचा खेळ तयार होता.

शिकायला लांब जावंच लागतं असंही नाही. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणीचा जन्म पुण्याचा, पण तो घडला बंगळुरूत, अरविंद सवूर यांच्या हाताखाली. गुरू आणि टेबल दोन्ही एकाच शहरात. उलट पुण्यातच जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले आणि १९६४ मध्ये दुसऱ्यांदा जिंकायला न्यूझीलंडला गेले. तेव्हा आधी जवळ कोण आहे ते शोधा. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या जिमखान्यातला मार्कर (टेबलं सांभाळणारा, गुण मांडणारा माणूस) हा आठवड्याच्या महागड्या कोर्सपेक्षा चांगला गुरू. त्याने हजारो माणसांचा स्टान्स, म्हणजे उभं राहायची पद्धत, पाहिलेली असते, आणि तुमचं कोपर बाहेर जातंय हे तो चहा पिता पिता सांगतो. मोबाइलवरच्या एमिंग सिस्टिम्स (नेम धरायच्या पद्धती) मात्र बाजूला ठेवा, त्यातलं बहुतेक तुमच्या कोपराला लागू पडत नाही.

क्यूबद्दल थोडक्यात. विमानात केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, कडक केसमध्ये घालून चेक-इनला द्या. बसच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका, शाफ्ट (क्यूचा पुढचा बारीक भाग) वाकतो. रेल्वेत वरचा बर्थ घ्या आणि केस भिंतीच्या बाजूला ठेवा. स्वतःची क्यू नसेल तर लाजू नका, पण टिप (क्यूच्या टोकाचं चामडं) घासायला सँडपेपर आणि त्यावर लावायचा स्वतःचा चॉक तरी बरोबर न्या.

निघण्याआधी आयोजकाला फोन करा. टेबलं किती आणि किती फुटी, कपडा कधी बदलला, खेळाडू किती, रेस कितीची, लूजर साइडची रेस कमी आहे का, रात्री किती वाजेपर्यंत खेळवणार, मॅचला उशीर झाला तर किती मिनिटांनी वॉकओव्हर देणार, हे सगळं विचारा. संकोच वाटला तरी विचारा, पहिल्यांदा येणाऱ्याला हे माहीत नसतंच. उत्तरं टाळली, "या तर खरं, बघू" असं म्हणाले, तर त्या पैशात पुण्याला जा आणि दोन दिवस टेबल घेऊन खेळा.