पेजिंगची लाईन लांबवताना: एका तंत्रज्ञाचा अनुभव

पणजीत इलेक्ट्रॉनिक्सची पदविका पूर्ण करून मी वास्कोजवळच्या एका खनिज हाताळणी केंद्रात रुजू झालो, तेव्हा पेजिंग म्हणजे कर्ण्यावरून सूचना देणे, एवढीच माझी समजूत होती. कन्व्हेयरखाली माणूस उतरलेला असताना ‘पट्टा चालू करू नका’ हे शब्द शेवटच्या हॅण्डसेटवर स्पष्ट ऐकू आले पाहिजेत, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर या कामाचे मोल मला कळले.

शेवटच्या टोकाला आवाज क्षीण झाला की लाईन एक्स्टेंडरची, म्हणजे लाईनवरचा आवाज वाढवून पुढच्या तारांवर पाठवणाऱ्या उपकरणाची, मागणी होते. परंतु दोष कोणत्या लाईनमध्ये आहे, हे आधी ठरवावे. १०० व्होल्टच्या स्पीकर लाईनवर २०० वॉटचा भार सगळा टोकाला असेल आणि केबल १.५ चौरस मिलिमीटरची, ५०० मीटर लांब असेल, तर जाण्यायेण्याच्या तारांचा रोध सुमारे १२ ओहम होतो आणि स्पीकरपर्यंत जेमतेम १३० वॉट पोहोचतात. तेथे जाड केबल किंवा त्या भागासाठी वेगळा ॲम्प्लिफायर हाच उपाय आहे. एक्स्टेंडर हा हॅण्डसेटच्या बोलण्याच्या लाईनसाठी असतो.

तो जुन्या यंत्रणेशी जुळेल का, हे केवळ आवाजाच्या पातळीवरून ठरवू नये. काही यंत्रणांत पेजचे बटण दाबल्याचा संकेत त्याच तारांवरून डीसी व्होल्टेजने जातो, आणि एक्स्टेंडरमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्यास डीसी पलीकडे जात नाही. मग बोलणे ऐकू येते, पण पेज लागत नाही. त्यासाठी संकेत पुढे नेणारी स्वतंत्र सोय एक्स्टेंडरमध्ये आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे.

माझी चूक वेगळी होती. जुलैच्या पावसात नव्या शेडसाठी एक्स्टेंडर बसवला आणि चालू करताच लाईनवर शीळ घुमू लागली. मी गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, कमी करत गेलो. शीळ थांबली तेव्हा बोलणेही ऐकू येईना. दोन तारांच्या लाईनवर एक्स्टेंडर दोन्ही दिशांचे आवाज वेगळे करून वाढवतो, आणि लाईनचा रोध त्याच्या अपेक्षेप्रमाणे नसेल, तर एका दिशेचा आवाज दुसरीत शिरून फिरत राहतो. आमचे ज्येष्ठ वायरमन, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी एक्स्टेंडर सोडवून जुनी लाईन मोजायला सांगितली. लाईनच्या टोकांना लावलेल्या ६०० ओहमच्या रोधांपैकी सुरुवातीच्या टोकाचा एकच उरल्याने ६०० ओहम दिसायला हवे होते, मीटरवर ३०० आले, म्हणजे दोन रोध समांतर होते. जुन्या शेवटच्या जंक्शन बॉक्सचे झाकण उघडले, तेव्हा खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या टर्मिनलवर पूर्वीचा ६०० ओहमचा रोध तसाच लावलेला होता. लाईनचा शेवट आता एक्स्टेंडरमध्येच होत असल्याने त्याची गरज उरली नव्हती. तो काढताच पूर्ण गेनवरही शीळ आली नाही.

पावसाळ्यात तारांचे इन्सुलेशन तपासण्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लावण्यापूर्वी एक्स्टेंडर आणि सर्व हॅण्डसेट लाईनपासून वेगळे करावेत. अन्यथा त्यांतील इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. केबलचे ग्लँड (केबल बॉक्समध्ये घट्ट बसवणारे जोड) शक्यतो बॉक्सच्या खालच्या बाजूने घ्यावेत, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी आत शिरत नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक बॉक्सच्या झाकणाच्या आत लाईनचा मोजलेला रोध आणि तारीख पक्क्या शाईने लिहितो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तोच आकडा पुन्हा घेतो.