अन्ननलिका बदलण्याच्या ऑपरेशनआधी घरच्यांची तयारी

तारीख मिळाली की घरचे बॅग भरायला घेतात. बॅग शेवटी भरा. आधी बाळाच्या तोंडाची तयारी बघा. जन्मतः अन्ननलिका तुटलेली, दोन टोकांत मोठं अंतर, म्हणून मानेवर लाळेसाठी भोक आणि पोटात दुधाची नळी. अशा बाळाला गिळायची सवयच नसते. आम्ही डॉक्टरांना विचारून नळीतून दूध चालू असतानाच लेकीला दोन-चार चमचे तोंडानेही द्यायचो. ते मानेवाटे बाहेर यायचं, लाळेरी धुऊन हात दुखायचे. पण तोंड चाललं की पोट भरतं, हे तिला त्या महिन्यांत उमगलं. ही सवय राहून गेली तर ऑपरेशन उत्तम होऊनही मूल घास घेत नाही.

मग सर्जनना विचारा, अन्ननलिकेच्या जागी जठर वर ओढणार की मोठ्या आतड्याचा तुकडा लावणार? जठराला रक्तपुरवठा चांगला असतो आणि सांधा, म्हणजे शिवून जोडलेली जागा, एकच येतो, पण खाल्लेलं वर येतं. आतड्याची नळी वर्षांनंतर लांबून वेडीवाकडी होऊ शकते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाने जठर वर ओढलेल्या १७३ मुलांचा अहवाल २००४ मध्ये दिला. सुमारे १२ टक्के मुलांचा सांधा गळला, जवळपास २० टक्क्यांचा आक्रसला, ५ टक्क्यांच्या आसपास मुलं दगावली. ९० टक्क्यांहून अधिक मुलांचा परिणाम चांगला ठरला. आकडे ऐकून छाती धडधडते, तरी ऐकून घ्या. मानेच्या जखमेतून लाळ दिसली की लगेच सिस्टरना सांगायचं हे आधी ठाऊक असलेलं बरं. बहुतेक वेळा तो गळका सांधा आपोआप भरतो.

महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्रांना (रुग्णालयातले योजनेचे मदतनीस) आधीच भेटून या. ऑपरेशननंतर काही दिवस आयसीयूत व्हेंटिलेटर लागू शकतो, म्हणून आलटून-पालटून बसायला दोन माणसं ठरवा.

घरी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू उंच करा. जेवण थोडं थोडं, दिवसात सहा-सात वेळा. झोपण्याआधी दोन तास काही नाही. गोड खाल्ल्यावर मूल घामाघूम, पांढरंफटक पडलं तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा: अन्न आतड्यात फार भरकन उतरत असेल. मऊ भात खाणारं मूल अचानक फक्त पेजच मागू लागलं, तर सांधा आक्रसल्याची शंका घ्या. भूल देऊन तो रुंद करतात, कधी पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्या फेऱ्यांचे पैसे आणि रजा आजच बाजूला काढा. लोह आणि बी-१२ची तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवायची.

शेवटी, जठर वर ओढलं असेल तर एक कार्ड लॅमिनेट करून घ्या: ‘जठर छातीत आहे. सर्जनना विचारल्याशिवाय नाकातून नळी घालू नये.’ एक्स-रेत छातीत हवा-पाणी दिसलं की नवे डॉक्टर घाबरतात. एक प्रत दप्तरात, एक शाळेत, एक आजीकडे.