अपडेटनंतर संगणक बिघडला? आधी अपडेट काढून बघा

विंडोज ११ चं अपडेट झालं आणि आवाज गेला, वाय-फाय दिसेना किंवा प्रिंटर गप्प बसला? लॅपटॉप पाठीवर टाकून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार गाठायची घाई नको. बऱ्याचदा घरीच काम होतं.

१. आधी रीस्टार्ट करा. शट डाउन नको. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) चालू असेल तर शट डाउनने यंत्रणा पुरती बंद होतच नाही.

२. तरीही तेच? सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, तळाशी अनइन्स्टॉल अपडेट्स. तारीख बघून सगळ्यात नवं तेवढंच काढा.

३. लगेच 'पॉज अपडेट्स' दाबा, नाहीतर तेच अपडेट गुपचूप परत येतं.

संगणक सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. हा धसमुसळा प्रकार एरवी करू नका.

मात्र इथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ आकडी 'रिकव्हरी की' (कुलूप उघडणारा क्रमांक) मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते; संगणक धड चालू असतानाच कागदावर उतरवून ठेवा.