नंबर लावायचं टूल घ्यावं की डेटाबेस बांधावा? आधी काउंटरवरचं रजिस्टर उघडा

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काउंटरवर एक लांबट रजिस्टर असतं. पानावर वेळा आणि नावं, नावापुढे ‘६/१०’, म्हणजे दहा सिटिंगच्या पॅकेजमधली सहावी. समासात शिसपेन्सिलीनं ‘५०० बाकी’. पेशंट वाढले की हे रजिस्टर अपुरं पडायला लागतं आणि डॉक्टर विचारतात, ऑनलाइन अपॉइंटमेंटचं टूल घेऊ की नीट डेटाबेस, म्हणजे पेशंट, सिटिंग, पैसे यांच्या एकमेकांना जोडलेल्या नोंदी, करून घेऊ? छोट्या दवाखान्यांना अशी व्यवस्था लावून देणं हे माझं काम. माझं उत्तर दर वेळी त्या रजिस्टरपासूनच सुरू होतं.

पायरी १ : आठवडाभर प्रश्न लिहून काढा

कॉम्प्युटरला हात लावू नका. ज्या ज्या वेळी कुणी रजिस्टर उघडेल, त्या वेळी ते कशासाठी उघडलं हे शेवटच्या पानावर लिहायचं. पुढची पानं बघावी लागली तर ‘पु’, मागची चाळावी लागली तर ‘मा’.

‘मंगळवारी साडेपाचला जागा आहे का?’ हा पु. ‘डॉक्टर शनिवारी आहेत का?’ हाही पु. ‘आईच्या किती सिटिंग राहिल्या?’ हा मा. ‘मागच्या खेपेला कोणतं मशीन लावलं होतं, त्यानं आराम पडला होता’ हा मा. आणि ‘जूनमध्ये पॅकेज घेऊन अर्ध्यावर सोडलेले पेशंट कोण कोण?’ हा असा मा, की त्याचं उत्तर काढायला तासभर बसावं लागतं, म्हणून तो सहसा कुणी विचारतच नाही. मनात आला तरी लिहा.

आठवड्यानं मोजा. जवळजवळ सगळे पु असतील तर तुम्हाला टूल पुरे आहे. मा भरपूर असतील, आणि एका उत्तरासाठी दोन-तीन ठिकाणं जुळवावी लागत असतील (नाव एका पानावर, पैसे दुसऱ्या वहीत), तर डेटाबेस लागणार.

पायरी २ : टूल घेत असाल तर

गूगल कॅलेंडरचं बुकिंग पान किंवा कॅलेंडली यांसारखी टूलं एका दुपारी लावून होतात. सिटिंग किती मिनिटांची, दोन सिटिंगच्या मध्ये किती मोकळा वेळ, ऐनवेळी किती तास आधीपर्यंत नंबर लावता यावा, एवढं ठरवा. सणांच्या सुट्ट्या आधीच भरून ठेवा.

मग खरी परीक्षा. मोबाइलवर फारसं काही न करणाऱ्या एखाद्या पेशंटच्या हातात फोन द्या आणि स्वतः नंबर लावायला सांगा. कुठे अडतात ते बघा, मदत करू नका. दुसरं, आठवण कशानं जाते ते तपासा. बरीच टूलं आधी ईमेल पाठवतात, आणि आपल्याकडचे पेशंट व्हॉट्सअ‍ॅप बघतात. आठवण पोहोचली नाही तर साडेपाचची खाट रिकामी राहते.

पायरी ३ : डेटाबेस बांधत असाल तर

रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती टेबलांमध्ये (आडव्या ओळी, उभे रकाने) मांडण्याची कल्पना आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. ‘रिलेशनल’ म्हटलं की लोकांना टेबलांमधली नाती आठवतात, पण हा शब्द गणितातल्या ‘रिलेशन’वरून आला आणि तिथे त्याचा अर्थ जवळपास टेबल असाच आहे. कॉड यांच्या मांडणीतून आपण घ्यायची शिकवण एक : एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकी ठिकाणी तिच्याकडे बोट दाखवा.

कोऱ्या कागदावर चार चौकोन काढा : पेशंट, पॅकेज, सिटिंग, पैसे. प्रत्येक चौकोन म्हणजे एक टेबल. पेशंटला स्वतःचा क्रमांक द्या आणि फोन नंबरलाच त्याची ओळख करू नका. आपल्याकडे आई, वडील, आजी तिघांसाठी मुलाचाच नंबर दिलेला असतो. नंबर हीच ओळख धरली की आजींची गुडघेदुखी आईंच्या नावावर चढते. ‘६/१०’ मात्र कुठेच लिहायचं नाही. पॅकेज दहाचं आहे हे पॅकेजच्या टेबलात असतं, झालेल्या सिटिंग सिटिंगच्या टेबलात मोजल्या जातात. हातानं लिहिलेला आकडा चुकतो, मोजून आलेला चुकत नाही, फक्त प्रत्येक सिटिंगची नोंद झाली पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक जागा, एकाच वेळेला दोन नंबर. रिसेप्शनवरच्या दोघी एकाच क्षणी ‘साडेचार रिकामे’ बघतात आणि दोघीही नोंद करतात. प्रोग्रॅममध्ये ‘आधी बघ, मग लिही’ एवढंच असेल तर दोन्ही नोंदी आत जातात. म्हणून नियम डेटाबेसमध्येच हवा. ‘एका थेरपिस्टची एकच सुरुवातीची वेळ’ असा साधा नियम घातला तरी भागत नाही, कारण ४:०० ते ४:४५ आणि ४:३० ते ५:१५ यांच्या सुरुवाती वेगळ्या आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट’ नावाचा नियम आहे : एकाच थेरपिस्टच्या दोन वेळा एकमेकींवर चढत असतील तर दुसरी नोंद घेऊच नकोस. सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा असं सांगितलं की ४:४५ ला संपणारी आणि ४:४५ ला सुरू होणारी सिटिंग सुखानं शेजारी बसतात. रद्द झालेल्या नोंदी या नियमातून वगळा, नाहीतर मोकळी झालेली वेळ कुणाला देताच येणार नाही.

एकच कॉम्प्युटर असेल तर एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअरही चालेल, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. ती फाइल नेटवर्कवर ठेवून दोन कॉम्प्युटरांवरून मात्र उघडू नका, बिघडण्याचा धोका असतो.

पायरी ४ : दोन्ही लागत असतील तर

बहुतेक वाढत्या दवाखान्यांचं उत्तर हेच निघतं. पहिल्यांदा मी एका दवाखान्यासाठी सगळं डेटाबेसमध्येच केलं होतं. टेबलं चोख होती, पण एक नंबर लावायला काउंटरवरच्या ताईंना चार खिडक्या उघडाव्या लागायच्या. फोनवर माणूस थांबलेला, समोर रांग. दोन आठवड्यांत रजिस्टर परत काउंटरवर आलं, आणि ताईंचं बरोबर होतं. त्यानंतर मी नंबर लावायचं काम टूलवर सोपवतो आणि सिटिंग झाली की तेवढीच नोंद डेटाबेसमध्ये घेतो. म्हणजे पुढची वेळ टूलमध्ये, झालेली गोष्ट डेटाबेसमध्ये. वेळ बदलायची तर टूलमध्येच बदला. दोन्हीकडे बदलायची मुभा ठेवलीत तर महिन्याभरात कोणतं खरं हेच कळेनासं होतं.

पायरी ५ : पैसे भरण्याआधी

टूलमधून सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) बाहेर काढून बघा. ती फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात आणि ९१ ने सुरू होणारा फोन नंबर ‘९.१९ई+११’ होऊन बसतो. घाबरू नका, फाइल सेव्ह न करता बंद करा. एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून ती आत घ्या, यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी लिपी-पद्धत) निवडा आणि फोनचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. नोंदी बाहेर काढायची सोयच नसेल तर ते टूल घेऊ नका.

बुकिंगच्या फॉर्मवर आजार विचारू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही कामापुरतीच माहिती, तीही संमतीनं घेण्याकडे आहे. वेळ ठरवायला नाव आणि फोन पुरतो.

डेटाबेसचा बॅकअप रोज घ्या, आणि निदान एकदा तो दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघा. पाच पेशंट निवडा, उरलेल्या सिटिंग मोजून काढा आणि रजिस्टरशी ताडून बघा. जुळलं की रजिस्टर कपाटात ठेवायला हरकत नाही. फेकू मात्र नका, जुन्या पॅकेजमधली शेवटची सिटिंग होईपर्यंत ते लागेल.